मदत हवी: केनियातल्या मसाई मारा अभयारण्यासाठी १५ किलो सामानात कुठली लेन्स?

ऑगस्टमध्ये नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने मारात जायचंय. हातातल्या बॅगेसकट १५ किलोच, तीही मऊ बॅग. दोन कॅमेरा बॉडी, १००-४०० मिमी झूम लेन्स, ५०० मिमी एफ/४ ची जड लेन्स, लॅपटॉप, चार्जर धरून ११ किलो भरतात. मग कपडे कुठे?

ट्रायपॉड वगळलाय, जीपच्या उघड्या छतात तो अडचणच. बीनबॅग (लेन्स टेकवायची पिशवी) रिकामी नेऊन तांदूळ तिथेच भरणार. १००-४०० ला १.४ टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच १.४ पट करणारा जोड) लावून पाहिला: ५६० मिमी मिळतं, पण एफ/८ वर प्रकाश कमी आत येतो, त्यामुळे पहाटे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) भलताच चढतो. उन्हाच्या झळा सुरू झाल्या की लांबचं तसंही धूसरच येतं. विमानाची वजनमर्यादा टाळायला रस्त्याने जाता आलं असतं, पण सोबत ज्येष्ठ असल्याने ते नको.

नदी ओलांडणारे विल्डबीस्ट (मोठे आफ्रिकी कुरंग) आणि पहाटेचा बिबट्या, दोन्ही हवे असतील तर ५०० घरीच ठेवावी, की सामानासाठी जादा सीट काढावी?