बुधवारी शस्त्रक्रिया आहे: पूर्ण स्तन काढावा की फक्त गाठ? मदत हवी आहे

दिग्रसची सून:
माझ्या उजव्या स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे सुईच्या तपासणीत निघाले असून येत्या बुधवारी शस्त्रक्रिया ठरली आहे. पूर्ण स्तन काढणे किंवा केवळ गाठ काढून नंतर शेक (किरणोपचार, म्हणजे रेडिएशन) घेणे, असे दोन मार्ग डॉक्टरांनी सांगितले आणि सोमवारपर्यंत कळवा म्हणाले. सासूबाई म्हणतात, सगळे काढून टाक. यजमान काहीच बोलत नाहीत. कापूस फुटला आहे, ते पहाटे शेतात जातात आणि अंधार पडल्यावर येतात. कोणता मार्ग योग्य, ते कृपया एका वाक्यात सांगावे.

वर्धेकर:
ताई, एका वाक्यात कसे सांगणार? वय किती, गाठ किती सेंटिमीटरची, काखेत गाठी आहेत का, आणि अहवालात ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या तपासण्या) व हर-टू (गाठीतील एका प्रथिनाची तपासणी) यांच्यापुढे काय लिहिले आहे?

सातबारा:
माझ्या आईचे पूर्ण काढले, त्याला नऊ वर्षे झाली आणि ती आजही वेचणीला जाते. अर्धवट कामात अर्थ नाही. शिवाय सुई टोचून घ्यायलाच नको होती, त्याने रोग पसरतो.

निवृत्त परिचारिका:
सुईने रोग पसरतो ही भीती मी वॉर्डात तीस वर्षे ऐकली आणि तिच्यापायी गाठ लिंबाएवढी होईपर्यंत घरी लेप लावत बसलेल्या बायाही पाहिल्या. सुईशिवाय निदान पक्के होत नाही. राहिला मूळ प्रश्न. अमेरिका व इटलीतील स्त्रियांची वीस वर्षे नोंद ठेवून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत, गाठ काढून शेक घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांचे आयुर्मान सारखेच आढळले. अट एकच, शेक अर्धवट सोडायचा नाही. ताई, तुम्हाला शेक कुठे घ्यावा लागेल?

विदर्भ एक्सप्रेस:
कर्करुग्णांना उपचारासाठी रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते, सोबतच्या माणसालाही मिळते. मुंबईला जाताना डॉक्टरांचे प्रमाणपत्र जवळ ठेवावे.

दिग्रसची सून:
मी मुंबईला जात नाही. वय ४४, गाठ अडीच सेंटिमीटर, सोनोग्राफीत काखेत काही दिसले नाही. ईआर वगैरेचा अहवाल यायचा आहे. शेकाचे मशीन नागपूरला आहे आणि एसटीने एका बाजूला पाच तास लागतात. वेचणीला माणूस मिळत नाही, मुलगी दहावीला आहे. पूर्ण काढले की शेकाची कटकट मिटेल, असे मला वाटत होते. हे आधीच लिहायला हवे होते.

निवृत्त परिचारिका:
तसे गृहीत धरू नका. शस्त्रक्रियेत काखेतील गाठींत (लसीका ग्रंथींत) रोग सापडला, तर पूर्ण काढल्यावरही शेक लागू शकतो. पूर्वी पाच आठवडे लागत, आता पुष्कळ ठिकाणी १५ दिवसांचा शेक तीन आठवड्यांत होतो, कारण शनिवार-रविवार सुटी असते. तेव्हा सोमवारी दोनच गोष्टी विचारा: मला किती दिवस लागतील आणि तिथे राहायची सोय आहे का. रेशनकार्ड घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या मदतनिसाला भेटा. फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार बसतात.

सातबारा:
तीन आठवडे कापूस कोण वेचणार, ते सिस्टर सांगत नाहीत. बोंडावर पाऊस आला की गेला.

वर्धेकर:
आईचा हात सुजतो का, हे तुम्हीही सांगितले नाही.

सातबारा:
सुजतो. काखेतील गाठीही काढल्या होत्या. सुरुवातीला व्यायाम टाळला, मग स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटे वर चढवत नेऊन रोज कोळशाने रेघ मारायला लागली. त्या रेघा अजून आहेत. त्या हाताला सुई किंवा बीपीचा पट्टा लावू देत नाही. ताईंनी व्यायाम डॉक्टर सांगतील त्या दिवसापासूनच करावा.

निवृत्त परिचारिका:
हे मात्र लाखातले बोललात. आणि ताई, डोक्यातून घालायचा गाऊन नेऊ नका, पुढे बटणे असलेला न्या. जखमेतील पाणी बाहेर यायला नळी बसवतात. तिची बाटली ठेवायला नाडीची कापडी पिशवी शिवून घ्या.

दिग्रसची सून:
पिशवी मुलीने शिवली. यजमानांनी रात्री हे सगळे वाचले आणि किती दिवस लागतील ते मी विचारतो, एवढेच म्हणाले. वेचणीला नणंद यायला तयार आहे, म्हणून फक्त गाठ काढायचे कळवणार आहोत. आज अहवाल आला, ईआर पॉझिटिव्ह आहे. हे वाईट आहे काय?

निवृत्त परिचारिका:
नाही. उलट, नंतर रोज घ्यायच्या हार्मोनविरोधी गोळ्यांचा उपयोग होतो. साधारण पाच वर्षे घ्याव्या लागतात.