जुन्या वस्तू विकणारे सगळे लुटारू?? मग हे वाचाच

मयेची सून
परवा इथे 'फोंड्याचा फटकळ' यांनी ठोकून दिलं की आपल्या गोव्यात हणजूणच्या (अंजुनाच्या) बुधवारच्या बाजारात जुनं सामान विकणारे म्हणजे निव्वळ लुटारू, भंगारवाल्याकडून किलोवर घेतात नि गोऱ्यांना तोळ्यावर विकतात. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. सहा वर्षं स्टॉल लावतेय मी. नोव्हेंबर ते एप्रिल, मग पाऊस, धंदा बंद. पहाटे टेम्पो भरायचा, जागेचे पैसे वेगळे, दुपारी असं ऊन की पितळेला हात लावला तर चटका बसतो. मध्ये एक तांब्याचं भाण घेतलं, म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायचं मोठं भांडं, जुन्या घराच्या न्हाणीतलं. बुडाला बोटभर काजळी, एक कान निखळलेला, तळाला भोक. डाग देणारा तांबट शोधण्यातच तीन आठवडे गेले. साडेचार हजार सांगितले तर एक बाई म्हणते, भंगारात घालशील तर निम्मे तरी मिळतील का? घाला मग भंगारात, वितळवून नळाच्या तोट्या करतील, त्या लावा न्हाणीत!

फोंड्याचा फटकळ
ताई कष्ट मान्य, पण मी हवेत नाही लिहिलं. माझ्या मेव्हण्याला किनाऱ्यावरच्या एका बाजारात 'पोर्तुगीज काळातला, दीडशे वर्षांचा' म्हणून ग्रामोफोन गळ्यात मारला, अकरा हजार. घरी खोका उघडला तर आत प्लायवूड आणि स्टारचे स्क्रू. तबकडीवाल्या ग्रामोफोनचं पेटंटच बर्लिनरने घेतलं 1887 मध्ये, म्हणजे हा बहुतेक त्याच्या आज्याने करून ठेवला असणार.

साखळीकर मास्तर
दीडशे वर्षांचं म्हणणाऱ्याला एकच विचारायचं, लायसन दाखव. 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरची मूर्ती, नाणं, कारागिरीची वस्तू ही पुरावस्तू, तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि देशाबाहेर न्यायला तर बंदीच. गोऱ्याला 'अँटिक' म्हणून विकणारा एकतर खोटं बोलतो नाहीतर गुन्हा करतो. आणि ते 1940 चं एस्कुदो, पोर्तुगीज चलनातलं, 'गोव्याचं नाणं' म्हणून विकतात तेही बंद करा, आपल्याकडे एस्कुदो आला 1958-59 ला, त्याआधी रुपिया आणि तांगा. 1940 चं असेल तर ते गोव्याचं नव्हे.

मयेची सून
मास्तर म्हणूनच मी 'जुनं' म्हणते, 'अँटिक' नाही. वर्षं विचारली तर सांगते, आमच्या आजीच्या वेळचं असेल.

पर्वरीची पमी
ते सगळं राहूदे, भाण घासलंत की नाही?? मागच्या सीझनला मी एक घंगाळ घेतलं, सुंदर काळपट तपकिरी, सासूबाईंनी दुपारी चिंच आणि पितांबरी लावून असं चकचकीत केलं की रडायला आलं. पन्नास वर्षांचा रंग पंधरा मिनिटांत मोरीत गेला.

डिचोलीचा बाबलो
सासूबाईंचं बरोबर. तांब्यापितळेची भांडी चवथीच्या आधी सोलं (आमसुलं) लावून घासायची नाहीत तर काय काळी ठेवायची? आमच्याकडे काळी समई म्हणजे दळभद्री लक्षण. हा काळ्या रंगाचा सोस मुंबईवाल्यांनी आणला, बंगले घेतले आणि दिवाणखान्यात भाण ठेवून त्यात छत्र्या उभ्या केल्या.

पर्वरीची पमी
दादा मी मुंबईची नाही, जन्म म्हापशाचा, शुक्रवारच्या बाजारात वाढले. देवाची समई घासा ना, कोण अडवतंय, शोभेच्या वस्तूचं बोलतेय मी.

डिचोलीचा बाबलो
भाण शोभेची वस्तू कधीपासून झाली?

साखळीकर मास्तर
काळं म्हणजे जुनं असंही नाही हो. मीठ, व्हिनेगर, अमोनिया लावून पोत्यात गुंडाळून ठेवलं की थोड्या दिवसांत हिरवं काळं होतं. खरं झिजलेलं असेल तर कानाला, काठाला, जिथे हात लागतो तिथेच झिजतं. सगळीकडून सारखं काळं दिसलं की पुढे चालू लागायचं. ठोकून केलेल्या भांड्यावर ठोक्यांचे खड्डे वेडेवाकडे असतात, मशीनवरच्याला बुडाला एकसारख्या गोल रेघा.

फोंड्याचा फटकळ
बघा, म्हणजे फसवतात हे मास्तरही म्हणतायत!!

मयेची सून
काही फसवतात. सगळे नाही. तुम्ही सगळे लिहिलंत.

डिचोलीचा बाबलो
मी सांगतो मला राग कशाचा आहे. बाबा गेल्यावर वाटण्या झाल्या, काकांनी माळ्यावरचं सगळं एका फिरत्या माणसाला दिलं, मला विचारलंही नाही. दोन वर्षांनी बाजारात एक घागर दिसली. गळ्याखाली टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं, तेवढंच खरवडलेलं. आडनावाचा 'कर' राहिला होता आणि खाली लग्नाची तारीख. आज्येच्या लग्नाची. विकणारा म्हणाला, साहेब, नाव असलं की गिऱ्हाईक घेत नाही. परत विकत घेतली मी ती, स्वतःच्या घरातली घागर, अठराशे देऊन. आता बोला कष्टाची किंमत.

पर्वरीची पमी
बापरे. सॉरी दादा.

मयेची सून
बाबलोदादा, विकली तुमच्या काकांनी, हे आधी लिहा. पण नाव खरवडणं वाईटच, मी कधी करत नाही. उलट नाव असेल तर मी मागच्या बाजूला नाही, समोर करून ठेवते. त्या भाणावरही आहे, 'सौ.' आणि पुढे अर्धं नाव काजळीखाली.

डिचोलीचा बाबलो
काकांचं वेगळं बघतो मी. तुम्ही खरवडत नसाल तर चांगलंच आहे, इतकंच म्हणेन. पण घासा ते.

फोंड्याचा फटकळ
ठीक आहे, 'सगळे' शब्द मागे घेतो, 'बरेच' ठेवतो. आणि बायको विचारतेय, ते भाण गेलं का अजून आहे?

मयेची सून
आहे. बुधवारी या. साडेचार हजार. घासून हवं असेल तर पाच.