मदत हवी आहे : आमच्या चौकात सिग्नल बसवून घेण्यासाठी नेमका कोणाकडे अर्ज करावा?

चौकवासी :
नमस्कार. आमच्या चौकात वाहतूक सिग्नल बसवावा, ही आम्हा रहिवाशांची बऱ्याच काळापासूनची मागणी आहे. संध्याकाळी चौक ओलांडणे म्हणजे जीव मुठीत धरण्याचा प्रकार झाला आहे, आणि सकाळी शाळेच्या वेळी नातवंडांचा हात धरून पलीकडे जाणाऱ्या आजी-आजोबांची जी अवस्था होते, ती पाहवत नाही. सह्यांचे निवेदन दिले, त्याची पोहोचही घेतली. परंतु ज्या कार्यालयात ते दिले, तेथे ‘हा विषय आमच्याकडे येत नाही’ असे सांगतात, आणि ज्यांच्याकडे पाठवतात, ते पुन्हा पहिल्याच दाराकडे बोट दाखवतात. सिग्नल हवा की नको, यावर कृपया चर्चा नको. ते आमचे ठरलेले आहे. अर्ज कोणाच्या नावे लिहावा, सोबत काय जोडावे आणि साधारण किती दिवसांत काम होते, एवढेच जाणकारांनी सांगावे. तातडीने हवे आहे.

गोदाकाठ :
आपण सर्व लिहिलेत, पण चौक कोणता ते लिहिले नाहीत. ‘आमचा चौक’ म्हणजे मखमलाबादचा की देवळाली गावाचा, हे वाचणाऱ्याने कसे ओळखावे? नाशिक महापालिकेचे सहा विभाग आहेत : पूर्व, पश्चिम, पंचवटी, नवीन नाशिक, सातपूर आणि नाशिकरोड. आपण कोणत्या विभागात येता, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो रस्ता महापालिकेचा आहे, सार्वजनिक बांधकाम खात्याचा आहे की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी सांगा. आपली टोलवाटोलवी बहुधा याच प्रश्नावर होत असावी.

वर्तुळप्रेमी :
सिग्नलच्या नादी लागू नका, असा माझा आपुलकीचा सल्ला आहे. मधोमध एक छोटे वर्तुळ बांधून घ्या. वीज लागत नाही, बिघाड होत नाही, आणि रात्री अकरा वाजता रिकाम्या चौकात लाल दिव्यासमोर उभे राहण्याची वेळ येत नाही. वाहन आपोआप हळू होते. परदेशात अनेक ठिकाणी सिग्नल काढून वर्तुळे केली आहेत.

द्वारकेचा_प्रवासी :
वर्तुळाने प्रश्न सुटत असता, तर द्वारका सर्कलवर रोज संध्याकाळी जे चालते ते चालले नसते. तेथून नाशिकरोडला जाऊन दाखवा आणि मग वर्तुळाची थोरवी सांगा.

वर्तुळप्रेमी :
द्वारकेवर मुंबई–आग्रा महामार्गाची आणि पुणे रस्त्याची वाहतूक एकत्र येते, वरून उड्डाणपूल जातो, खाली बस, रिक्षा आणि मालट्रक असतात. त्याची तुलना वसाहतीतल्या चौकाशी करणे योग्य नाही.

चौकवासी :
चौक वडाळा–पाथर्डी रस्त्यावरचा आहे, हे लिहायचे राहिले. आमच्या भागात त्याला गणपती मंदिराचा चौक म्हणतात. मुख्य रस्त्याला दोन्ही बाजूंनी वसाहतीचे रस्ते मिळतात आणि शाळा जवळच आहे. आता तरी मूळ प्रश्नाचे उत्तर मिळावे.

निवृत्त_स्थापत्य :
माझी सारी नोकरी रस्त्यांच्या कामात गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सिग्नल हवा की नको यावर चर्चा नको, असे आपण म्हणता. पण जो अभियंता आपला अर्ज वाचणार आहे, तो नेमकी हीच चर्चा करणार आहे, आणि ती तो आकड्यांत करणार आहे. सिग्नल कोठे बसवावा याचे निकष रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या ‘आयआरसी ९३ : १९८५’ या संहितेत दिलेले आहेत. त्यांतील पहिला निकष वाहनसंख्येचा आहे. दोन्ही रस्त्यांना येण्यासाठी एकेकच मार्गिका असेल, तर मुख्य रस्त्यावर दोन्ही दिशांची मिळून ताशी ६५० वाहने आणि आडव्या रस्त्याच्या ज्या बाजूला गर्दी जास्त असेल, त्या एका बाजूने ताशी २०० वाहने असावी लागतात. मुख्य रस्त्याला प्रत्येक दिशेने दोन किंवा अधिक मार्गिका असतील, तर ६५० च्या जागी ८०० धरतात. महत्त्वाची गोष्ट अशी, की ही सरासरी दिवसातल्या आठ तासांची असते. संध्याकाळच्या दोन तासांत चौक कितीही तुंबला, तरी दुपारी तो ओस असेल, तर या निकषावर प्रस्ताव टिकत नाही.

दुसरा मार्ग पादचाऱ्यांचा आहे. मुख्य रस्त्यावर ताशी ६०० वाहने असतील (मधे रुंद उंच दुभाजक असल्यास १०००) आणि तोच रस्ता ओलांडणारे पादचारी ताशी १५० असतील, तर तेवढ्यावरही विचार होतो. मात्र येथेही आठ तासांचीच अट आहे. तिसरा मार्ग अपघातांचा : बारा महिन्यांत पाच किंवा अधिक असे अपघात, जे सिग्नल असता तर टळले असते. आपल्या चौकात यांपैकी काय आहे?

चौकवासी :
अपघात तर सतत होतात! गेल्या पावसाळ्यातच एक दुचाकीस्वार शाळेच्या व्हॅनखाली जाता जाता वाचला.

निवृत्त_स्थापत्य :
पोलीस ठाण्यात नोंद झाली का?

चौकवासी :
नाही. लोकांनी उचलून बाजूला बसवले, पाणी पाजले आणि व्हॅनवाल्याने औषधाचे पैसे दिले. लहानसहान धडकांची नोंद कोण करायला जातो?

निवृत्त_स्थापत्य :
येथेच घोडे पेंड खाते. कागदावर आपला चौक अगदी सुरक्षित आहे. आपण सारे जण जागच्या जागी मिटवून मोकळे होता, आणि वर्षाअखेर ठाण्याच्या नोंदवहीत त्या चौकाचे नावही नसते. अपघातांच्या निकषावर मागणी करायची असेल, तर यापुढे दुखापत झालेल्या प्रत्येक घटनेची नोंद व्हायला हवी.

कायद्याचा_विद्यार्थी :
एवढी आकडेमोड कशाला? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८अ आले आहे. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नोटीस पाठवा, सिग्नल आपोआप बसेल. शिवाय चौक ‘ब्लॅकस्पॉट’, म्हणजे अपघातप्रवण जागा, म्हणून घोषित करून घ्या.

निवृत्त_स्थापत्य :
आपण दिलेले कलम खरे आहे, परंतु ते मानकांच्या भंगाबद्दल आहे, आणि वर सांगितलेले निकष पूर्ण होत नसतील, तर सिग्नल नसणे हा मानकांचा भंग ठरत नाही. नोटिशीचे उत्तर एका ओळीत येईल. ब्लॅकस्पॉटची जी व्याख्या आपल्या मनात आहे, ती केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राष्ट्रीय महामार्गांसाठी केलेली आहे : सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू. वसाहतीतला चौक त्या पट्टीने मोजला जाऊ नये, अशीच आपण सर्वांनी इच्छा करावी.

गोदाकाठ :
छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरच्या मिरची हॉटेलजवळच्या चौकात ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे खासगी बस पेटली आणि इतके प्रवासी गेले, तेव्हा शहरातल्या सगळ्याच धोकादायक चौकांकडे लक्ष गेले. एवढे घडल्यावरच यंत्रणेने हलावे का, हा रहिवाशांचा प्रश्न रास्त आहे. निकषांचे पुस्तक माणसांसाठी असते.

निवृत्त_स्थापत्य :
रास्त आहेच. पण पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावरचा वेग आणि संध्याकाळची कोंडी हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांना एकच औषध चालत नाही. सिग्नलमुळे आडव्या धडका कमी होतात, पण मागून बसणाऱ्या धडका वाढू शकतात. वाहतूक तुरळक असलेल्या ठिकाणी सिग्नल लावला, की लोक तो तोडायला शिकतात, आणि तोडला जाणारा सिग्नल मुळीच नसलेल्या सिग्नलपेक्षा वाईट असतो, कारण हिरव्यावर निघालेला माणूस बेसावध असतो.

वर्तुळप्रेमी :
मी हेच सांगत होतो.

निवृत्त_स्थापत्य :
तुम्ही वेगळे सांगत होतात. वर्तुळाला जागा लागते, आणि चारही बाजूंची मिळून ताशी सुमारे ३००० वाहने ही त्याची मर्यादा वर्तुळांविषयीच्या जुन्या संहितेने धरली होती. वडाळा–पाथर्डी रस्त्यावर दुकानांच्या पायऱ्या आणि उभ्या गाड्या वगळून जेवढी रुंदी उरते, तिच्यात वर्तुळ बसवले, तर शाळेची बस त्याला वळसा घालू शकणार नाही.

इंदिरानगरची_आजी :
मी याच भागात राहते आणि तो चौक रोज ओलांडते. आपण सर्व जण वाहनेच मोजत आहात. मंदिराकडून येताना कोपऱ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक लागलेले असतात, त्याखाली भाजीच्या गाड्या आणि शेजारी रिक्षा उभ्या असतात. येणारी मोटार मला दिसत नाही आणि मी तिला दिसत नाही. झेब्रा पट्टे मागे एकदा मारले होते, ते पुसले गेले. सिग्नल यायचा तेव्हा येऊ दे, तो कोपरा मोकळा करायला कोणती संहिता आडवी येते?

निवृत्त_स्थापत्य :
आजी, या धाग्यावरचे सर्वांत कामाचे वाक्य आपण लिहिले आहे. कोपरा मोकळा करणे, थांबरेषा आणि झेब्रा पट्टे नव्याने मारणे, आडव्या रस्त्यांच्या तोंडाशी गतिरोधक आणि लुकलुकणारा पिवळा ब्लिंकर, या गोष्टी लहान अंदाजपत्रकात बसतात आणि त्यांच्यासाठी आठ तासांची गणना लागत नाही. गतिरोधक मात्र नियमाप्रमाणे हवा : १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, पुढे सूचनाफलक आणि अंगावर पांढरे पट्टे. गल्लोगल्ली जे डांबराचे उंचवटे घालून ठेवतात, ते गतिरोधक नसून पाठीच्या मणक्यांवरचे अतिक्रमण आहे.

सातपूरकर :
गतिरोधकाचा विषय निघालाच आहे म्हणून विचारतो : आमच्या गल्लीत एका घरमालकाने स्वतःच्या दारासमोर सिमेंटचा उंचवटा घातला आहे. तो काढण्यासाठी कोणाकडे जावे?

गोदाकाठ :
वेगळा धागा काढावा, ही विनंती.

चौकवासी :
आजींचे म्हणणे पटते आणि त्यासाठी वेगळा अर्ज करू. पण एवढे वाचूनही माझा पहिला प्रश्न तसाच आहे. अर्ज कोणाच्या नावे? अंबडच्या कारखान्यांतून सुटणारे कामगार आणि शाळेची मुले एकाच वेळी चौकात येतात. हे दोन तास सोसायचेच, असे समजावे का?

कार्यालयीन_अनुभवी :
मी दुसऱ्या शहरातल्या महापालिकेत होतो, तरी कामाची रीत सारखीच असते. रस्ता महापालिकेचा असेल, तर अर्ज आयुक्तांच्या नावे करावा आणि त्याची प्रत पोलीस उपायुक्त, वाहतूक यांना द्यावी. दोन्हींवर आवक क्रमांक घ्यावा आणि प्रत्येक अर्जात दुसऱ्याचा आवक क्रमांक लिहावा. आपली फरपट होते आहे ती यामुळे, की वाहतूक शाखा सिग्नलची गरज आणि जागा यांबद्दल अभिप्राय देते, पण खांब, केबल आणि देखभाल यांचा खर्च महापालिकेचा विद्युत विभाग करतो. एकाकडेच अर्ज गेला, तर तो ‘आमचा विषय नाही’ असे म्हणतो, आणि त्याच्या परीने ते खोटेही नसते. म्हणून अर्जात ‘सिग्नल बसवावा’ असे न लिहिता ‘दोन्ही विभागांनी संयुक्त पाहणी करून वाहनगणना करावी व अहवालाची प्रत द्यावी’ असे मागावे. सिग्नल नाकारणे सोपे असते, पाहणी नाकारणे अवघड असते.

मुदतीचे विचाराल, तर कोणीही छातीठोकपणे दिवस सांगू शकणार नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि निविदा या पायऱ्या आहेतच. पाहणीला उशीर झाला, तर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकण्यासाठी होणाऱ्या लोकशाही दिनात विषय नेता येतो. त्याचा अर्ज विहित नमुन्यात पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

कायद्याचा_विद्यार्थी :
आणि माहिती अधिकार? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिल्या निवेदनाचे काय झाले, ते विचारावे. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

कार्यालयीन_अनुभवी :
येथे मी आपल्याशी सहमत आहे. फक्त महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, ही मर्यादा पाळावी. निवेदनावरील टिपणीची प्रत एका अर्जात मागावी आणि चौकातील नोंद झालेल्या अपघातांची संख्या पोलिसांकडे दुसऱ्या अर्जात मागावी. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि शहरातल्या रस्त्यांची कामे त्या निमित्ताने निघत आहेत. वडाळा–पाथर्डी रस्त्याचे काही काम प्रस्तावित असेल, तर चौकाची सुधारणा त्यातच धरावी, असेही अर्जात लिहावे. डांबर पडल्यावर केबलसाठी पुन्हा रस्ता खोदण्यास कोणी तयार होत नाही.

द्वारकेचा_प्रवासी :
तयार होत नाही? आमच्याकडे नवा रस्ता झाला, की आठवड्याच्या आत खोदतात.

शिकवणारा_स्थापत्य :
मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो. वाहनगणना हा आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकाचा भाग आहे. रहिवासी सोबत उभे राहणार असतील, तर सकाळी सात ते रात्री आठपर्यंतची गणना पंधरा-पंधरा मिनिटांच्या नोंदींसह, दिशावार आणि पादचाऱ्यांसकट करता येईल. ती अधिकृत धरली जाणार नाही, पण निकषाच्या जवळ आहोत की नाही, हे अर्ज करण्याआधीच कळेल. त्या रस्त्यावर पुढचा सिग्नल किती अंतरावर आहे, हेही मोजून ठेवावे. जवळ असेल, तर दोघांच्या वेळा जुळवाव्या लागतात, नाहीतर एकाची रांग दुसऱ्याच्या चौकात पोहोचते.

चौकवासी :
आम्ही उभे राहू, आजीही येते म्हणाल्या आहेत. रविवारी सर्वांना सवड असते, तेव्हा करू या का?

शिकवणारा_स्थापत्य :
रविवार नको. शाळेला आणि कारखान्यांना सुटी नसेल, शहरात मोठा सण किंवा मिरवणूक नसेल आणि पाऊस नसेल, असा मंगळवार ते गुरुवारमधला दिवस घ्यावा. चारही कोपऱ्यांवर दोघे-दोघे आणि दर दोन तासांनी बदली, एवढी माणसे जमतील का, ते कळवावे.

वर्तुळप्रेमी :
मोजणार असाल, तर मधल्या मोकळ्या जागेची रुंदीही मोजून घ्या.