खाणीखालच्या व्हाळाचं (ओढ्याचं) पाणी मुंबईत आणून तपासता येईल का?

भांडुपकर
नमस्कार. माझं गाव दोडामार्ग तालुक्यात. वरच्या अंगाला लोहखनिजाची खाण आहे. मिरग लागला की व्हाळ तांबडा होऊन येतो, कुळागरात (नारळ-सुपारीच्या बागेत) गाळ बसतो. आमची विहीर व्हाळापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि आई-बाबा तेच पाणी पितात. ग्रामसभेत विषय काढला की ऐकवतात, "कोकणात पावसाचं पाणी तांबडंच असतं." टीडीएस मीटर नेऊन बघितला तर आकडा अगदी कमी, म्हणजे पाणी उत्तम! मला हे पटत नाही. मेअखेरीला गावी जातोय. बाटल्या भरून रात्रीच्या गाडीने आणल्या तर चालतील का? आणि तपासायचं काय?

लॅबवाली_ठाणे
दादा, टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो. गाळ त्याला दिसतच नाही आणि लोहखनिजाच्या खाणीखाली मुख्य त्रास गाळाचाच असतो. गढूळपणा आणि तरंगते घन पदार्थ तपासून घ्या, सोबत लोह, मँगनीज आणि एकदा तरी आर्सेनिक, शिसं. पिण्याच्या पाण्यात मँगनीज लिटरला 0.1 मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर 0.3 पर्यंत चालवून घेतात. गढूळपणाला हेच आकडे 1 आणि 5 एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक).

धातूंच्या नमुन्यात नायट्रिक ॲसिड घालावं लागतं, नाहीतर लोह बाटलीच्या आतून चिकटून बसतं आणि आकडा खोटाच कमी येतो. पण ॲसिड गाडीतून अजिबात नेऊ नका. नमुना पोचल्यावर लॅबने ॲसिड घालून किमान एक दिवस ठेवावा, मग तपासावा, असं आधीच बोलून ठेवा. गढूळपणा 48 तासांत तपासला तरी चालतो, त्यामुळे रात्रीची गाडी पुरते. विहिरीच्या पाण्यातले जंतू बघायचे असतील तर लॅबकडूनच निर्जंतुक बाटली घ्या, बर्फात ठेवा आणि 24 तासांच्या आत पोचवा. पीएच मात्र जागेवरच मोजा. लॅब एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेची हवी.

नदीकाठचा
"तांबडंच असतं" याला एकच उत्तर: खाणीच्या वरचा नमुना. जांभ्याची माती दोन्हीकडे आहे, पाऊसही तोच. एकाच दिवशी वरचा आणि खालचा नमुना घ्या, मग फरक कुठून आला हे कुणाला सांगावं लागणार नाही. मधे दुसरा व्हाळ मिळत असेल तर त्याच्या आधी एक, नंतर एक. धारेच्या मध्यावर, बाटलीचं तोंड प्रवाहाकडे धरून भरा. मेमधलं पाणी तुलनेला ठेवा. खरा नमुना पहिल्या जोरदार सरीनंतरचा, कारण साठलेला गाळ तेव्हाच सुटतो.

खाजगी अहवाल कोर्टात पुरेसा ठरत नाही. 1974च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे सांडपाण्याचा नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेऊन सील केलेला असेल तरच त्याचा अहवाल पुरावा धरतात. पण तो नमुना घ्यायला लावायचा तर तुमचा अहवाल जोडून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. शिवाय पर्यावरण मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल खाणीला द्यावाच लागतो. तो 'परिवेश'वर (केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या संकेतस्थळावर) शोधा, नाही मिळाला तर माहिती अधिकारात मागा. त्यात पाणी कुठून आणि कोणत्या महिन्यात घेतलं ते आधी बघा. सगळे नमुने उन्हाळ्यातलेच असतील तर तक्रारीत तेच पहिलं लिहा.

भांडुपकर
ताई, दादा, मनापासून आभार. खाणीच्या वरचं पाणी घ्यायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं. मेचे नमुने मी आणतो. पहिल्या सरीचे चुलतभाऊ घेईल, त्याला वरची आणि खालची जागा दाखवून येतो. वरची जागा रानातून जाऊन गाठावी लागते, खाणीच्या हद्दीत पाय न ठेवता. तहसीलचा नकाशा काढून बघतो.