विश्वास असेल तर गोळ्या कशाला, असे विचारणाऱ्यांना काय उत्तर द्यावे?

प्रश्न : एक बहीण, अहिल्यानगर

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम. माझ्या धाकट्या बहिणीचे पहिले बाळ गेल्या उन्हाळ्यात, आठव्या महिन्यात, पोटातच दगावले. ती रुग्णालयात असतानाच घरच्यांनी बाळाची माती उरकून घेतली, आणि चर्चच्या मंडळीत त्याविषयी एकदाही प्रार्थना झाली नाही. त्यानंतर तिची झोप गेली, जेवण सुटले, आणि लहानपणापासून उपासनेत गीते गाणारी ही मुलगी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर गप्प बसू लागली. मानसोपचारतज्ज्ञांनी नैराश्य असल्याचे सांगून गोळ्या सुरू केल्या आणि थोडा उतारही पडला. परंतु ती ज्या प्रार्थनागटात जाते, तेथे तिला असे सांगण्यात आले आहे की, कोणते तरी पाप कबूल करायचे राहिले असल्याने हा आजार टिकून आहे, आणि खरा विश्वास असेल तर तिने गोळ्या बंद करून दाखवाव्यात. आता ती रोज रात्री मला विचारते, "ताई, माझाच विश्वास कमी पडला का?"

आमचे घराणे कित्येक पिढ्यांचे ख्रिस्ती आहे आणि प्रार्थनेला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही. प्रभू आरोग्य देतो यावर माझा विश्वास आहे. पण ते आरोग्य कसे ओळखावे आणि बहिणीला काय उत्तर द्यावे, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर : मंडळीतील एक वडील (चर्चचे ज्येष्ठ पुढारी), श्रीरामपूर

ताई, सलाम. तुमच्या बहिणीच्या प्रश्नाचे उत्तर पवित्र शास्त्रातच आहे, आणि ते तिच्या बाजूचे आहे.

आजाऱ्यांच्या प्रार्थनेविषयी ज्या वचनाचा सर्वांत अधिक आधार घेतला जातो, ते याकोबाच्या पत्राच्या 5व्या अध्यायात आहे. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे आणि त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे विश्वासाने प्रार्थना करण्याचे काम बोलावलेल्या वडिलांना दिलेले आहे. अंथरुणावर पडलेल्या माणसाचा विश्वास तपासण्याचा अधिकार त्यांना कोणीही दिलेला नाही. मार्काच्या शुभवर्तमानात चौघे जण पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि छप्पर उघडून त्याला खाली सोडतात, तेव्हा येशूने त्यांचा विश्वास पाहिला असे लिहिले आहे, आणि त्या माणसाने तोवर एक शब्दही उच्चारलेला नाही. तेव्हा विश्वास कमी पडला का हा प्रश्न विचारायचाच असेल, तर तो तिला उचलून नेणे ज्यांचे काम आहे त्या आम्हा मंडळीच्या लोकांना विचारावा.

पापाच्या आरोपाविषयी मी थोडक्यात लिहितो. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी कोणाचे पाप हे विचारले, तेव्हा प्रभूने त्याचेही नाही आणि त्याच्या आईबापांचेही नाही, असे स्पष्ट सांगितले (योहान, अध्याय 9). ईयोबावर संकटे कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले तोपर्यंत ठीक होते. पुढे ते त्याचा दोष शोधू लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला.

मला तुमच्या बहिणीसाठी सर्वांत जवळचा वाटतो तो एलीया. कर्मेल डोंगरावर देवाचे एवढे मोठे सामर्थ्य पाहिलेला हा संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत येऊन त्याला बोल लावत नाही, त्याचा विश्वासही तपासत नाही. तो त्याला भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि परत उठवून खाऊ घालतो, कारण पुढची वाट त्याच्या शक्तीबाहेरची आहे. देव त्याच्याशी बोलतो ते त्यानंतर, होरेब डोंगरावर. अन्न आणि झोप हीसुद्धा देवाकडून आलेली मदत होती, आणि तुमच्या बहिणीला आज ज्या गोळ्यांमुळे झोप लागते त्यांच्याकडेही मी त्याच दृष्टीने पाहतो. हिज्कीया राजाला आयुष्य वाढवून मिळाल्याचे वचन ज्या यशया संदेष्ट्याने आणले, त्यानेच गळवावर अंजिरांचे पोटीस बांधायला सांगितले. प्रेषित पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत शहरात आजारी सोडले, आणि आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या वरचेवरच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला दिला. यांपैकी कोणाच्याही विश्वासाबद्दल शास्त्रात शंका घेतलेली नाही.

उत्तर : एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

वरील उत्तर मला पटते, तरीही एक गोष्ट राहून जाऊ नये असे वाटते. माझ्या पतीची अनेक वर्षांची दारू उपास-प्रार्थनेत सुटली, आणि हे आमच्या घराने डोळ्यांनी पाहिलेले आहे. ज्या रात्री त्यांचे हातपाय थरथरत, त्या रात्री गटातले बांधव आळीपाळीने त्यांच्या उशाशी बसले. तेव्हा एखाद्या गटात चुकीचे शिकवले गेले म्हणून तुमच्या बहिणीला सामूहिक प्रार्थनेपासूनच तोडू नका. जे तिच्यासोबत रडतील आणि तिच्या घरी डबा पोहोचवतील असे विश्वासणारे शोधा. आमच्या गटाने माझ्या पतीकडे पुरावा कधीही मागितला नाही, आणि डॉक्टरांकडे जाऊ नका असेही कोणी म्हटले नाही.

उत्तर : केडगावजवळचा एक वाचक, तालुका दौंड

या विषयावर बोलताना पंडिता रमाबाईंचे आयुष्य डोळ्यांसमोर ठेवावे, असे मला मनापासून वाटते. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, विवाहाला दोन वर्षे होण्यापूर्वीच 1882 मध्ये पती गेले, आणि 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतलेल्या या स्त्रीला वैद्यकीय शिक्षणाचा बेत केवळ ऐकू कमी येत असल्यामुळे सोडावा लागला. त्यांचे कान पुढे कधीही बरे झाले नाहीत. 1905 मध्ये केडगावच्या मुक्ती सदनात, म्हणजे रमाबाईंनी निराधार स्त्रियांसाठी चालवलेल्या आश्रमात, मोठे संजीवन (आध्यात्मिक जागृती) झाले, मुली तासन्‌तास प्रार्थनेत राहिल्या आणि त्याची वार्ता परदेशांतही पोहोचली; तरीही त्या संजीवनाच्या केंद्रस्थानी असलेली ही बाई बहिरीच राहिली. तिचा विश्वास कमी होता असे म्हणण्याचे धाडस महाराष्ट्रातील कोणता ख्रिस्ती माणूस करील?

त्या आवारात काय चालत होते, हेही पाहण्यासारखे आहे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली आणि विधवा उपासमारीने खंगलेल्या होत्या, आणि काहींवर झालेले अत्याचार शब्दांत सांगण्यापलीकडचे होते. त्यांच्यासाठी प्रार्थना होत होतीच, पण त्याबरोबर जेवण, औषधपाणी, शाळा, माग, शेती आणि छापखानाही होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते, आणि अंध स्त्रियांचीही वेगळी सोय होती. जिला घरदार उरले नव्हते तिला नाव, काम आणि सोबत मिळाली, आणि ख्रिस्ताने माणसाला पुन्हा उभे करणे म्हणजे काय हे मी तरी तेथूनच शिकलो. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. लेकरू गमावलेल्या आईचे दुःख त्यांनीही सोसले आणि पुढच्याच वर्षी, एप्रिल 1922 मध्ये, त्यांनी देह ठेवला.

उत्तर : निवृत्त परिचारिका, मिरज

ताई, सर्वांत आधी औषधांविषयी लिहिते, कारण त्यात दिरंगाई करता येणार नाही. नैराश्यावरच्या गोळ्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि त्या एकाएकी बंद केल्यास चक्कर, मळमळ, अस्वस्थता व निद्रानाश असे त्रास होऊ शकतात, शिवाय मूळ आजारही उलटू शकतो. अशा वेळी गटातले लोक त्याला सैतानाचा हल्ला म्हणतील आणि मुलगी अधिकच घाबरेल. गोळ्या कमी करायच्या असतील तर ते डॉक्टर ठरवतील, आणि तेही हळूहळू. "मी नसलेले बरे" अशा अर्थाचे काही ती बोलली, तर तिला एकटीला ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

मी ज्या गावात नोकरी केली, तेथे मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस यांनी ख्रिस्ताच्या नावाने 1894 मध्ये रुग्णालय उघडले. त्या गावात औषध आणि प्रार्थना यांत भांडण आहे असे आम्हाला कधी वाटले नाही. मृत बाळाला जन्म दिलेल्या आईलाही दूध येते, हे मी प्रसूती विभागात पुष्कळदा पाहिले आहे, आणि त्या वेळी तिच्याजवळ कोणीतरी आपले माणूस असणे फार आवश्यक असते. तुमच्या बहिणीजवळ तेव्हा कोण होते, हे तिला एकदा शांतपणे विचारा आणि ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐकून घ्या.

उत्तर : एक वाचक, वसई

आम्ही कॅथलिक आहोत, त्यामुळे आमची रीत थोडी वेगळी आहे, पण तुमच्या प्रश्नातील एका वाक्यापाशी मी थांबले. बाळाची माती आईच्या गैरहजेरीत झाली आणि त्यावर प्रार्थना झाली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. आमच्याकडे बाप्तिस्म्यापूर्वी गेलेल्या बाळासाठीही, आईवडिलांचा त्याला बाप्तिस्मा देण्याचा मानस असेल तर, बिशपांच्या परवानगीने ख्रिस्ती अंत्यविधी करता येतो. आजाऱ्यांना तेल लावण्याचा संस्कारही केवळ मरणाऱ्यांसाठी नाही. गंभीर आजारात बळ मिळावे म्हणून धर्मगुरू कपाळाला आणि हातांना तेल लावून प्रार्थना करतात. तरीही पुष्कळ घरांत फादरना बोलावणे म्हणजे शेवट जवळ आला, अशी भीती अजून आहे.

तुमच्या पाळकांना (पास्टरांना) भेटून विचारा की, बाळासाठी आणि त्याच्या आईवडिलांसाठी कबरीजवळ किंवा घरी एक लहानशी उपासना घेता येईल का. माझ्या एका नातेवाईक बाईसाठी ती बऱ्याच उशिरा घेतली गेली, आणि बाळासाठी मनात ठरवलेले नाव तिने त्या दिवशी प्रथमच सर्वांसमोर उच्चारले. तुमच्या बहिणीने आणि तिच्या पतीने नाव ठरवले असेल, तर पाळकांनी प्रार्थनेत ते घ्यावे. उपासनेत कोणते गीत घ्यायचे ते तिला निवडू द्या. तिला गाता आले नाही तर तिच्या वतीने बाकीच्यांनी गावे, आणि गोळ्यांविषयी ज्यांनी तिला सुनावले त्यांना त्या दिवशी बोलावू नये.