३ फुटी टाकी, सोलापूरचं पाणी: भीमेचा बायोटोप करू की मिक्स प्लांटेड?

जुळे_सोलापूर_३फूट

मंडळी, नवी टाकी ३६ × १५ × १८ इंच. काठोकाठ १५९ लिटर भरते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा करून १३० धरतोय. हॉलमध्ये ठेवणार, एसी नाही. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. मोजमाप असं: नळाचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ३८०, केएच (पाण्यातलं बायकार्बोनेट) ९, पीएच ८.२. बोअरचा टीडीएस ११५०. मे महिन्यात दुपारी साठवलेलं पाणी ३३ अंशांवर जातं.

दोन बेत आहेत.

क) भीमा नदीचा बायोटोप (एकाच ठिकाणचे मासे, झाडं, दगड): दांडवण, टिक्टो बार्ब, मळ्या, मुरी, ग्लासफिश, मिळाला तर डेनिसन बार्ब. झाडांत व्हॅलिसनेरिया.

ख) मिक्स प्लांटेड: निऑन १५, रॅमची जोडी, पांडा कोरी ६, चेरी श्रिंप (छोटी कोळंबी), पुढे मॉन्टे कार्लो या बुटक्या झाडाचा गालिचा. खाली अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठीची, पीएच उतरवणारी माती), सिलिंडरमधला सीओटू (कार्बन डायऑक्साइड), आणि आरओ मिसळलेलं पाणी.

मन ख कडे ओढतंय, खिसा क कडे. काय करू?

केएच_मास्तर

ख ची यादी फोटो बघून केलेली दिसते. निऑन २० ते २६ अंशांतला मासा, पांडा कोरी त्याच गारव्यातला. रॅमला उलट २७ ते ३० अंशांची ऊब आणि मऊ पाणी लागतं. म्हणजे सोलापूरचा उन्हाळा यायच्या आधीच या तिघांचं एका टाकीत जमत नाही. आणि रॅमसमोर चेरीची पिल्लं म्हणजे आयता खाऊ.

आता पाणी. २५ अंशांना पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिग्रॅ/लि. ऑक्सिजन मावतो, ३३ ला ७.२ च्या आसपास. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते आणि रात्रभर झाडंही तोच ऑक्सिजन ओढतात. म्हणून उन्हाळ्यातले मासे दुपारी नाही, पहाटे मरतात.

दुसरं अमोनियाचं. पीएच ७ आणि २५ अंशांना एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८.२ आणि ३२ अंशांना तोच १२-१३ टक्के होतो. किटवर ०.५ दिसलं की मऊ पाण्यातला माणूस निवांत बसेल, तुम्हाला त्याच दिवशी पाणी बदलावं लागेल. बेत कुठलाही असो, फिल्टर ४-५ आठवडे पिकवल्याशिवाय, म्हणजे त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू वाढू दिल्याशिवाय, मासे आणू नका.

आरओचा हिशेब: टीडीएस १५० हवा असेल आणि तुमचं आरओ ४० देत असेल, तर १ भाग नळ आणि २ भाग आरओ. आठवड्याला ४० लिटर बदलायचं म्हटलं तर २७ लिटर आरओ. घरचं मशीन १ लिटरमागे २-३ लिटर फेकतं, म्हणजे ५५ ते ८० लिटर मोरीत. चार दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात हे किती दिवस चालेल ते घरच्यांना विचारा. एखाद्या आठवड्यात आरओ बंद पडला आणि सरळ नळाचं ओतलं, तर टीडीएस एका दमात चढतो; संवेदनशील मासे नेमके तिथे जातात. अ‍ॅक्वासॉइलही केएच ९ च्या पाण्यात आपली पीएच उतरवायची ताकद लवकर संपवतं, मग ती नुसती महाग माती.

काळापाषाण

क ला माझं मत, पण यादी तिथेही चुकली आहे मालक.

डेनिसन बार्ब भीमेचा नाहीच. तो केरळातल्या पश्चिमवाहिनी नद्यांचा, १५ सेंमीपर्यंत वाढणारा, घोळक्याने पोहणारा मासा. ३ फुटात नको. मळ्या आपल्याच खोऱ्यातला, पण वरच्या अंगाचा: खळाळतं पाणी, खडकावरचं शेवाळ, भरपूर ऑक्सिजन. भीमाशंकरच्या बाजूची भीमा आणि पंढरपूरच्या पुढची रुंद, संथ भीमा या माशांच्या दृष्टीने दोन वेगळ्या नद्या आहेत. ‘भीमा बायोटोप’ म्हणून दोन्ही एकत्र केल्या तर तीही मिक्स टाकीच झाली. तुमचं तापमान बघता संथ डोह करा.

मासे: टिक्टो १०, दांडवण ६, ग्लासफिश ८, मुरी (लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस) ५. १३० लिटरला एवढे पुरे. दांडवण उडी मारतो, वर जाळी हवीच. ग्लासफिश कोरडं खाणं सुरुवातीला तोंडातही घेत नाही. मोइना (पाणपिसू) किंवा अंड्यातून काढलेला आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातला इवलासा कोळंबीसारखा जीव) लागतो. डासांच्या अळ्या आवडीने खातो, पण त्यासाठी गच्चीवर बादली भरून ठेवू नका, महापालिकेचं पथक दारात यायचं.

तळ: ४ सेंमी थर, म्हणजे साधारण १४ लिटर, २२ किलो. बांधकामाची क्रश सँड घेऊ नका. मुरी वाळूत डोळ्यांपर्यंत घुसून बसते आणि त्या धारदार कणांनी तिच्या मिशा झिजतात. गोल कणाची नदीची वाळू घ्या, १ मिमीच्या आतली, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेली.

दगड आपला काळा बेसाल्ट. त्यात पांढऱ्या गाठी असतात, त्यावर टॉयलेट क्लीनरमधल्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट, नाही तर बहुधा झिओलाइट. पीएच ८.२ च्या पाण्यात कॅल्साइट जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे क मध्ये तो दगडही चालेल. ख मध्ये सीओटूमुळे तोच दगड केएच वाढवत बसेल. अ‍ॅसिड लावलेला दगड खळखळून धुवा.

फिल्टर तासाला ६०० लिटरचा, तोंड काचेकडे, म्हणजे प्रवाह मोडतो.

नदीतले पकडलेले मासे विकत घेतलेत तर ३ आठवडे वेगळ्या टबात. अंगावर दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर तो अँकर वर्म. चिमट्याने मुळापासून काढायचा, पण पिल्लं पाण्यातच असतात, म्हणून ३ आठवडे. झाडं तळ्यातली आणलीत तर पांढऱ्या टबात झटका: चतुराच्या अळ्या खाली पडतील. दीड-दोन इंची अळी टिक्टोचं पिल्लू सहज धरते.

हिरवी_टाकी

दोघांचंही पटतंय, तरी प्रश्न ‘नदी की बाग’ असा करू नका. जड पाण्यातही हिरवीगार टाकी होते, फक्त झाडं बायकार्बोनेट खाणारी निवडा. व्हॅलिसनेरिया, हायड्रिला, सेराटोफायलम हे पाण्यातल्या केएचमधूनच कार्बन घेतात, सिलिंडर लागत नाही. उजेड मात्र ६-७ तासांच्या वर नेऊ नका. जास्त उजेडात ही झाडं इतक्या जोरात कार्बन ओढतात की पानावर चुना बसतो. बोट फिरवलं की बारीक पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. त्याला रोग समजून औषधं घालणारे बघितलेत. शेवाळासाठी मिळणारं ‘लिक्विड कार्बन’ तर टाकूच नका, त्यातल्या ग्लुटारल्डिहाइडने व्हॅलिसनेरिया वितळते.

पाठीमागे व्हॅलिसनेरिया, कोपऱ्यात ब्राह्मी (नर्सरीतलीच, मुळं धुऊन, बाहेरची पानं गळून पाण्यातली नवी येतात), मध्ये रोटाला रोटुंडिफोलिया. नदीचा काटेकोरपणा सोडायचा असेल तर क्रिप्टोकोरिन क्रिस्पाटुला बालान्से, ही चुनखडीच्या ओढ्यातही वाढते. लावल्यावर तिची पानं विरघळली तर उपटू नका, मुळं जिवंत असतात.

खतासाठी अ‍ॅक्वेरियमच्या बाटल्या नकोत. द्राक्ष-डाळिंबवाल्यांच्या कृषी केंद्रात जा. १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) आठवड्याला २ ग्रॅम, म्हणजे १३० लिटरला सुमारे ९ मिग्रॅ/लि. नायट्रेट. ०:५२:३४ (पोटॅशियम फॉस्फेट) पाव ग्रॅमहून कमी, सुमारे ०.१९. लोहाचं नीट बघून घ्या: ईडीटीए चिलेट (लोह विरघळलेलं धरून ठेवणारं रसायन) पीएच ८ ला टिकत नाही, लोह बाहेर पडून बसतं आणि वरची कोवळी पानं पिवळीच राहतात. चुनखडीच्या जमिनीत बागायतदार जे ईडीडीएचए वापरतात, तेच इथे. ६ टक्केवालं असेल तर ०.२ ग्रॅम आठवड्याला. पाण्याला गुलाबी झाक येते, घाबरू नका. मासे भरपूर असतील आणि नायट्रेट आपोआपच २० च्या वर असेल तर १३:०:४५ बंद.

ख चं मन अजून सुटत नसेल तर मासे बदला: स्वोर्डटेल, मॉली, प्लॅटी. जड पाणी त्यांना मानवतं, पण ३३ अंश त्यांनाही नकोत.

जुळे_सोलापूर_३फूट

आभार. संथ डोह आणि हिरवी_टाकी म्हणतात ती झाडं, ठरलं. आता दोनच प्रश्न: पंखे लावून खरंच फरक पडतो का? आणि क्लोरीनचं काय?

केएच_मास्तर

पडतो, कारण आपल्याकडे मे कोरडा असतो. १२ व्होल्टचे १२० मिमीचे दोन पंखे, मागच्या काठावर, पाण्यावर तिरका झोत पडेल असे. काचेचं झाकण काढून जाळी, नाहीतर पंखा नुसता आवाज करतो. ३ अंश सहज उतरतात. थर्मोस्टॅट रिलेवर २९.५ ला चालू, २८.५ ला बंद. बर्फाची बाटली नको: तासाभरात ४ अंश खाली आणि संध्याकाळी पुन्हा वर, या झोक्याने मासा जास्त थकतो. वळवाच्या वाऱ्यात वीज जाते, त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

पण खरी मेख पुढे आहे. पंख्याने रोज ३ लिटर पाणी उडतं, क्षार मागे राहतात. ती तूट नळाच्या पाण्याने भरलीत तर टीडीएस रोज सुमारे ९ ने वाढतो, महिन्यात २६० च्या पुढे. बोअरने भरलीत तर महिन्यात ८०० च्या आसपास. म्हणून तूट फक्त आरओने भरा आणि बदली नळाच्या पाण्याने करा. रोजचं ३ लिटर आरओ कुठल्याही घरात निघतं. काचेवर पेनाने पातळीची रेघ मारून ठेवा, अंदाज लागत नाही.

क्लोरीनला हायपो (सोडियम थायोसल्फेट). १०० ग्रॅम खडे १ लिटर पाण्यात विरघळवून ठेवा, १०० लिटरला १० मिली. एवढ्याने साधारण १.४ मिग्रॅ/लि. क्लोरीन जातो. पाणी आल्या दिवशी वास उग्र असेल तर दुप्पट घाला.

काळापाषाण

एक राहिलं. मासे जास्त झाले तर दुकानात परत द्या किंवा इथे कुणाला द्या. सिद्धेश्वर तलावात किंवा होटगीच्या तळ्यात सोडायचे नाहीत, ‘आपलेच तर आहेत’ म्हणूनसुद्धा नाही. दुकानातल्या पाण्यातून आलेले परजीवी त्यांच्यासोबत जातात. उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात सकर मासा येतो, तोही कुणाच्या तरी टाकीत मावेनासा झालेलाच.