पिल्लाच्या पोटातले जंत आणि घरातले लहान मूल

प्रश्न: आमच्या कुत्र्याच्या दीड महिन्याच्या पिल्लाच्या विष्ठेत शेवयांसारखे पांढरे जंत दिसले. माझी तीन वर्षांची मुलगी अंगणातल्या मातीत खेळते आणि तीच बोटे तोंडात घालते. तिला धोका आहे का?

उत्तर (पशुवैद्यक): हे बहुधा टॉक्सोकारा नावाचे गोलकृमी असावेत, पिल्लांना ते आईच्या गर्भातच लागतात. ताज्या विष्ठेतील अंडी लगेच बाधत नाहीत, ती मातीत पक्व व्हायला साधारण २ ते ४ आठवडे लागतात. म्हणून विष्ठा रोजच्या रोज उचलावी आणि पिल्लाला जंताचे औषध दर १५ दिवसांनी द्यावे.

उत्तर (बालरोगतज्ज्ञ): माणसाच्या आतड्यात हे जंत मोठे होत नाहीत, त्यांच्या अळ्या यकृतात, फुप्फुसांत आणि क्वचित डोळ्यात भटकतात, त्यामुळे मुलीच्या शौचतपासणीत काही आढळले नाही, तरी तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. ताप, खोकला दिसल्यास रक्ततपासणी करावी. डोळा तिरळा वाटला किंवा एका डोळ्याने कमी दिसू लागले, तर कृपया एक दिवसही थांबू नका.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. अंगणातली माती आजच झाकते आणि उद्या मुलीला डॉक्टरांकडे नेते.